बेचाळीस वेढे

अंजनगाव सुर्जी
२४ नोव्हेंबर

सत्तारचाचा,

तुमचा फोन बंद आहे. फुरकानभाईंचा लागतो, पण उचलला जात नाही. म्हणून आज पोस्टातून सहा पाकिटं आणली. एकानं भागेल, असं तिथल्या बाईंना वाटलं. त्या तुम्हाला ओळखत नाहीत आणि मलाही ओळखत नाहीत.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणजे हे पत्र गुलफामच तुम्हाला वाचून दाखवत असणार. गुलफाम, एकही ओळ गाळायची नाही. तू थांबलीस की तुझ्या आजोबांना कळतं.

तुम्ही नातीला घेऊन अकोल्याला मुलाकडे, फुरकानभाईंकडे गेलात, त्याला आज बारा दिवस झाले. जाताना माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. चार वर्षांपूर्वी मी अमरावतीहून येऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, शाळा सुटलेल्या पोरींना जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला शिकवा म्हणून. तेव्हाही तुम्ही तीन दिवस उत्तर दिलं नव्हतं. चौथ्या दिवशी म्हणालात, "पोरीयची बोटं बारीक असतात, तार बराबर बसते. आण." एवढ्यावर आपलं वर्कशॉप सुरू झालं. सकाळी शेतकऱ्यांच्या मोटरी, दुपारी दहावीचा अभ्यास, आणि मोटरींच्या कमाईवर अभ्यासाचा खर्च. तेव्हाचं तुमचं गप्प राहणं मी सोसलं, आत्ताचं सोसवत नाही.

झालं ते वाईट झालं, मान्य. आपल्या पोरींना टूल-पेट्या देणाऱ्या अमरावतीच्या ट्रस्टनं भाजी बाजाराच्या चौकात फ्लेक्स लावला. गुलफामचा पेटी घेतानाचा फोटो हा एवढा मोठा, आणि खाली 'अनाथ लाभार्थी मुलींना साहित्य वाटप'. घरात आजोबा, अकोल्यात बाप, आणि पोरगी चौकात अनाथ. पण चाचा, हे त्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी लिहिलं आणि छापणाऱ्यानं डोळे मिटून छापलं. त्यांच्या चुकीची शिक्षा गुलफामनं कशाला भोगायची?

फेब्रुवारीत तिची दहावीची परीक्षा आहे. बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून झाला आहे आणि केंद्र इथलंच आहे. सातवीत शाळा सुटलेली पोरगी सहा वर्षांनी परीक्षेला बसते आहे. अकोल्यात धुणीभांडी आणि लहान भावंडं सांभाळण्यात ही परीक्षा बुडणार, हे तुम्हालाही दिसतं, मोतीबिंदू असला तरी. तिला परत पाठवा. रागवायचं तर माझ्यावर रागवत राहा, मला सवय आहे.

मोटरीसाठी ती गुंडाळत होती ती अर्धवट कॉइल साच्यावर तशीच आहे. मी मोजली, बेचाळीस वेढे झालेत. जेबानं वर चिठ्ठी बांधली आहे, 'गुलफाम, ४२, हात लावू नये'. तुमची लाकडी पेटीही इथेच आहे. हत्यारं टाकून मिस्त्री फार दिवस लांब राहत नसतो, असं मी पोरींना सांगितलं आहे. मला खोटं पाडू नका.

हर्षा


अंजनगाव सुर्जी
१५ डिसेंबर

सत्तारचाचा,

उत्तर नाही. ठीक आहे.

तुमचा नियम मला पाठ आहे. वेढे मोजताना कोणी हाक मारली, तरी ओ द्यायची नाही. मोज चुकली की सगळी तार उलगडायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. एकदा तहसीलदार वर्कशॉप बघायला आले आणि गुलफामनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, तेव्हा तुम्ही किती खूश झाला होतात. तर मी असं धरून चालले आहे की तुम्ही सध्या मोजताय.

इकडे हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झालं आहे, व्होल्टेज नेहमीसारखंच, त्यामुळे मोटरी जळून येतच आहेत. पोरींनी परवा पानमळ्याच्या एका माणसाची मोटर भरून दिली, ती उलटी फिरली. त्यानं फोनवर आमचा उद्धार केला. जेबा त्याच्या मळ्यात गेली, दोन तारा बदलून लावल्या, मोटर सरळ झाली. मग तिनं त्याच्याकडूनच पानं मागून आणली. ती मोठी होऊन धंदा करणार, याबद्दल मला शंका नाही.

आता दुसरी गोष्ट. गुलफाम, इथून पुढे नीट वाच.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. फ्लेक्स छापणाऱ्या योगेशनं डिझाइन आदल्या दिवशी माझ्या फोनवर पाठवलं होतं. माझे हात वार्निशनं भरलेले होते. कोपरानं फोन टेबलावर सरळ केला, फोटो पाहिला, पोरगी काय झकास दिसते असं मनात म्हटलं आणि करंगळीनं 'ओके' पाठवलं. खालची ओळ घाईत वाचली नाही. असं मी गेला महिनाभर सगळ्यांना सांगते आहे.

त्या दिवशी काय झालं, तेही तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. गुलफाम चौकातून आली, म्हणजे तिनं बोर्ड पाहिला होता. साच्यावर बसली आणि मोजायला लागली. बाहेरून कोणीतरी हाक मारली, 'ए अनाथ'. आणि ती उठली, चाचा. तहसीलदारासाठी न उठलेली पोरगी त्या हाकेला उठली. चप्पल घातली आणि घरी गेली. मी मागे धावायला हवं होतं. मला वाटलं, उद्या येईल, समजावू.

फ्लेक्स मी दुसऱ्या दिवशी उतरवला. तोवर तुम्ही बसमध्ये होतात.

परीक्षेला दोन महिने उरले आहेत. भूमितीचं पुस्तक आणि जेबाची वही वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे. बीजगणितात गुलफाम पक्की आहे, भूमितीत आळस करते.

हर्षा


अंजनगाव सुर्जी
८ जानेवारी

सत्तारचाचा,

मी रविवारी अकोल्याला आले होते. तुम्हाला सांगितलं गेलं नसेल. घरी यायची हिंमत झाली नाही, म्हणून फुरकानभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर गेले. शिव्या खायची तयारी करूनच गेले होते. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि मी चहा संपवेपर्यंत गिऱ्हाइकं करत राहिले. मग समोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, मी जिवंत हावो," ते म्हणाले. "मंग तुमच्या बोर्डावर मले मारलं कावून?"

आवाज चढवला नाही, हेच वाईट. मी ट्रस्टचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी सांगितलं, की बायको गेल्यावर पोरगी दोन वर्षांची होती. दुसरं लग्न झालं, तेव्हा अब्बा म्हणाले, हिला माझ्याकडे राहू दे. म्हणून ठेवली, टाकली नाही. सोळा वर्षांत एक महिना चुकला नाही, दर महिन्याला अंजनगावला येऊन पोरीला भेटून गेलो. हे सगळं मला माहीत होतं. दर महिन्याला ते आले की मीच तर तिला सुट्टी देत होते.

म्हणून आता खरं लिहिते. गुलफाम, तुझ्याच्यानं वाचून होणार नाही कदाचित, तरी वाच. आधीची दोन पत्रं लिहिणारी बाई खोटारडी होती.

तो शब्द ट्रस्टच्या ऑफिसानं घातला नाही. मी घातला. त्यांच्या अर्जात एक रकाना होता, त्यात अनाथ मुलींना आधी घेऊ असं लिहिलेलं होतं. आपल्या बारा पोरींत एकही अनाथ नव्हती. मी पेन घेऊन बराच वेळ बसले होते, म्हणजे घाईत झालं असंही नाही. आई नाही, बाप दुसऱ्या गावात, दुसरा संसार, मग अर्धी अनाथ आहेच की, असा हिशोब करून मी गुलफामच्या नावापुढे खूण केली. बारा पेट्या मिळणार होत्या, एका शब्दानं कोणाचं काय बिघडतं. फ्लेक्सवरची ओळही मी वाचली होती. वाचून 'ओके' पाठवलं होतं. तुम्ही सोळा वर्षं त्या पोरीची वेणी घातलीत, आणि मी तुम्हाला एका खुणेनं पुसून टाकलं.

मला लाज वाटते. हे लिहिताना वाटते आहे, म्हणजे पुढच्या पत्रात ओसरेल असं समजू नका.

अकोल्याहून मी तशीच अमरावतीला गेले. सोमवारी ट्रस्टच्या साहेबांना लेखी दिलं, की आमच्या अर्जातली माहिती खोटी होती आणि ती मी भरली होती. साहेब म्हणाले, मॅडम, शब्दाचं काय एवढं, लाभ तर मिळाला ना. मी म्हटलं, कागद बदला. त्यांनी कागद बदलला आणि काल टेम्पो पाठवून बाराही पेट्या परत नेल्या. नियमच तसा आहे, त्यांची चूक नाही. पोरींनी पेट्या स्वतः उचलून टेम्पोत ठेवल्या. जेबानं त्याआधी एकूण एक पाना पुसला. मी म्हटलं, कशाला पुसतेस, नेऊ दे तसेच. ती म्हणाली, "चाचा असते तं पुसूनच देल्ले असते."

तर आता आमच्याकडे हत्यारांचा एकच संच उरला आहे, तुमचा. तुमची पेटी मी न विचारता उघडली. याचंही मागाहून बोलून घ्या. वर्कशॉप बंद होणार नाही. एका पेटीवर उरलेल्या अकरा पोरी आळीपाळीनं काम करतात, वेळ लागतो, पण मोटर जाते.

गुलफामच्या परीक्षेला सहा आठवडे आहेत.

हर्षा


अंजनगाव सुर्जी
१ फेब्रुवारी

सत्तारचाचा,

जेबाची फुफी, म्हणजे आत्या, अकोल्यालाच असते, तिच्याकडून कळलं की तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. म्हणजे हे पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल. मग आधीची तिन्ही पुन्हा वाचा. गुलफामनं ओळी गाळल्या असणार, माझा तिच्यावर अजिबात विश्वास नाही.

हॉलतिकीट आलं आहे. पहिला पेपर २१ तारखेला, मराठीचा. तिकीट शाळेत आहे, तिनं स्वतः येऊन सही करून घ्यायचं आहे. तोंडी परीक्षा बुडेल, पण ती लेखी झाल्यावर पुन्हा देता येते, मी विचारून ठेवलं आहे. तिकिटावर तिच्या नावानंतर वडिलांचं नाव छापलेलं आहे, फुरकान. मी तिथे उभ्यानं दोनदा वाचलं.

आणखी एक केलं. आवडणार नाही तुम्हाला, पण झालं आहे. चूक मी चौकात केली आणि माफी पाकिटात घालून, चिकटवून मागते आहे, हे काही बरोबर नाही. ज्यांनी तो बोर्ड वाचला, ते माझी पत्रं वाचणार नाहीत. म्हणून त्याच जागी, त्याच मापाचा फ्लेक्स लावला. फोटो माझा. योगेश म्हणाला, ताई, जरा हसा. मी म्हटलं, लाभार्थी हसत नसतात, काढ. मजकूर असा आहे:

'लाभार्थी : हर्षा खंडारे, बी. ई. झाली. कॉलेजात मोटर वाचली, मिस्त्री अब्दुल सत्तार यांच्याकडे मोटर शिकली. फुरकान अब्दुल सत्तार यांच्या मुलीला मी अनाथ लिहिलं. ते खोटं आहे. चूक माझी आहे.'

गुलफामचं नाव नाही, फोटो नाही. तिला पुन्हा चौकात उभं केलेलं नाही.

तीन दिवसांत फार मजा झाली. अमरावतीहून आईचा फोन आला, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. एका कार्यकर्त्यानं सांगितलं, ताई, जागा मोक्याची आहे, कोपऱ्यात आमच्या साहेबांचा फोटो टाका, छपाई आमच्याकडून. बोर्डाखाली भाजीचं दुकान लावणाऱ्या मनकर्णाबाईंना मात्र राग आला आहे. लोक भाजी घ्यायच्या ऐवजी वर बघत उभे राहतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाकडून वाचून घेतलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "लिवलं तं बरं केलं. पण त्या पोरीले आणशीन तवा खरं."

आणते म्हटलं. तेव्हा तुम्ही आता मोज संपवा.

हर्षा


अंजनगाव सुर्जी
१४ फेब्रुवारी

सत्तारचाचा,

तुम्ही येऊन गेलात आणि मला भेटला नाहीत.

मी काल अमरावतीला तार आणायला गेले होते. संध्याकाळी बसमधून उतरले, तर चौकात माणसं उभी. बोर्डावर 'लाभार्थी' या शब्दावर लाल वार्निशचा जाड पट्टा, आणि त्याच्यावर, ओल्या वार्निशमध्ये काडीनं कोरून लिहिलेलं, 'शागीर्द'. अक्षर वाकडं आहे. पण ते वार्निश मी ओळखते, आणि अक्षरही.

मनकर्णाबाईंनी सगळं सांगितलं. दुपारच्या गाडीनं तुम्ही एकटे आलात, डोळ्यांना काळा चष्मा. आधी वर्कशॉपवर गेलात, पोरी जेवायला गेल्या होत्या, वार्निशचा डबा आणि ब्रश घेऊन चौकात आलात. त्यांच्या टमाट्याच्या कॅरेटवर चढलात. त्यांनी तुम्हाला मागून धरून ठेवलं आणि विचारलं, मिस्त्री, हे काय करता. तुम्ही म्हणालात, "लाभार्थी कोन असते मले मालूम नाई. माह्याकडे चार वर्सं शागीर्द होती हे. गलत लिवलं पोरीनं." मग त्यांनी विचारलं, नातीले कवा आनता. तर तुम्ही म्हणे, "मोजून राहिलो बाई, मधात बोलू नको," आणि डबा परत ठेवून चारच्या गाडीनं गेलात.

मी बोर्डाखाली उभी राहून रडले. बाजार भरलेला होता, सगळ्यांनी पाहिलं. पाहू दे.

तुमच्या पेटीतली मोठी पक्कड कमी आहे, तुम्ही नेली असेल तर तसं कळवा, नाहीतर पोरींवर आळ येतो. नेली असेल तर मला वेगळीच भीती वाटते, हत्यारं एकेक करून अकोल्याला जायला लागली की मिस्त्रीही परत येत नाही. उरलेली मी राखून ठेवली आहेत.

सात दिवस आहेत, चाचा. शागीर्द म्हणून एकच मागते. मला अजून दहा वर्षं माफ करू नका, पण तिला पेपरला बसवा.

हर्षा


अंजनगाव सुर्जी
२१ फेब्रुवारी

सत्तारचाचा,

हे सहावं पाकीट. पोच द्यायला वापरते आहे.

तुमची नात आणि तुमची मोठी पक्कड, दोन्ही काल दुपारी अकोल्याच्या गाडीनं पोचल्या. फुरकानभाई सोबत आले. आधी शाळेत जाऊन तिनं सही करून तिकीट घेतलं. मग ते दोघं चौकात आले. फुरकानभाईंनी अख्खा बोर्ड वाचला, स्वतःच्या नावापाशी जरा थांबले. मग म्हणाले, आता उतरवून टाका, उद्या पोरीचा पेपर आहे, उगाच डोक्याला ताप. योगेशला बोलावून तिथल्या तिथे उतरवला. 'शागीर्द' लिहिलेला तेवढा तुकडा मी कापून घेतला आहे, तो तुमच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवणार. नको म्हणायला इथे यावं लागेल.

रात्री दोघं जेबाच्या घरी राहिले. सकाळी जेबाला धरून आम्ही चौघं केंद्रावर गेलो. गेटवर गर्दी, शिपाई फक्त मुलांना आत सोडत होता. फुरकानभाई तिचा हात धरून थेट पुढे गेले, तर त्यानं अडवलं आणि विचारलं, तुम्ही कोण.

"बाप हावो तिचा," ते म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. आजूबाजूच्या चार-पाच माणसांनी वळून पाहिलं. गुलफामनं हात सोडवून घेतला, तिकीट दाखवलं आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. तुमचीच आहे.

तीन तास आम्ही समोरच्या रसवंतीवर बसून होतो. फुरकानभाईंनी मला विचारलं, पोरगी पास होईन का. मी म्हटलं, मराठीत होईल, भूमितीचं माहीत नाही. ते म्हणाले, अकोल्यात रोज पहाटे उठून भूमितीच करून राहिली होती, अब्बा लाइट लावून बाजूला बसत होते. हे तुम्ही मला कळवलं असतं, तर काय बिघडलं असतं? नोव्हेंबरपासून माझी झोप उडाली होती. बरं. मी मागितलेल्या उत्तराचा हक्क मला नव्हता, तेही समजते.

पेपर सुटल्यावर ती बाहेर आली. बापाला म्हणाली, चांगला गेला. माझ्याशी बोलली नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, आता ती जेबाच्या घराकडे वळेल. ती वर्कशॉपकडे वळली, आणि आम्ही मागे चालत राहिलो.

आत गेली. पोरी उभ्या राहिल्या. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. साच्यापाशी जाऊन चिठ्ठी वाचली, सोडली, घडी करून ओढणीच्या टोकाला बांधली. तार बोटानं ताणून पाहिली, कुठे सैल पडली नाही ना म्हणून. तीन महिने त्या साच्याला मी कोणाला हात लावू दिलेला नव्हता, चाचा. मग ती बसली आणि म्हणाली, "त्रेचाळीस."

चव्वेचाळीस. पंचेचाळीस.

मला तिला किती तरी सांगायचं होतं. सगळं पाठ करून ठेवलं होतं. मी दारात उभी राहिले आणि हाक मारली नाही.

हर्षा